अंगणात काढलेली जीप

पहूरच्या घराच्या अंगणात आता फरश्या बसवल्या आहेत. करड्या, चौकोनी, सगळ्या एकसारख्या. नाना आत झोपले होते, म्हणून पुतण्याने मला बाहेर खुर्ची टाकून दिली आणि मी त्या फरश्यांकडे पाहत बसले. पाण्याचा तांब्या कलंडला तरी त्यांना वास येत नाही. पूर्वी इथे सकाळी शेणाचा सडा पडायचा. ओल्या मातीचा वास, शेणाचा वास आणि पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून येणारा डिझेलचा वास, असे तिन्ही एकदम उठायचे. डिझेलचा वास आला की माझा हात आपोआप पदराकडे जायचा. तो वास म्हणजे नाना घरी आहेत.

नाना माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. मी लग्न होऊन धुळ्याकडून इथे आले तेव्हा आईने एवढंच बजावलं होतं, जेठासमोर तोंड उघडं टाकायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. मला ते जड गेलं नाही. मी तशीही कुणाशी बोलत नव्हते. शाळा चौथीत सुटली, तिथेही माझा आवाज मास्तरांनी फारसा ऐकला नसेल. मला बोलण्यापेक्षा बोटांनी काहीतरी करत राहणं आवडायचं. माझी रांगोळी मात्र सरळ यायची. सुगडीत पांढरी पूड घ्यायची, ठिपके टाकायचे आणि मग ठिपक्यांतून रेघ न थांबवता फिरवायची. दोन ठिपक्यांमध्ये एक वीत. अंगठा एका ठिपक्यावर, करंगळी दुसऱ्यावर. आईने तशी शिकवली, तिच्या आईने तिला.

नानांचं काम विहिरीवरच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करण्याचं. गावात म्हणायचे, नानाने कान लावला की इंजिन आपलं दुखणं सांगतं. कामाला ते चोख आणि हौसेला वेडे. त्यांच्या मनात एक जीप होती. विकत घ्यायची नव्हे, बनवायची. धुळ्याला मिलिटरीच्या लिलावातल्या जुन्या गाड्यांचं सामान मिळायचं. तिथून त्यांनी एक इंजिन, गिअरची पेटी आणि दोन अ‍ॅक्सल आणले होते. अ‍ॅक्सल असे की गाडीची चारही चाकं ओढतात. सांगाडा, म्हणजे चासी, मात्र गंजून गेलेली. बोट लावलं तर पापडासारखी मोडायची. ती नवी करायची होती.

गावाच्या मागे अजिंठ्याचा डोंगर आहे. वर पठार आहे, तिथे तेव्हा बैलगाडीही जात नव्हती. नानांना तिथे चाकांवर जायचं होतं. मागे बसणार होत्या जिजी.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांचा गुडघा लग्नाआधीपासून अधू. सगळ्या बायका पोळ्यानंतर पठारावर गवताला जायच्या, तिथून रात्री जामनेरचे दिवे दिसतात असं सांगायच्या, आणि जिजी खाली बसून ऐकायच्या.

"मला कधी भुसावळच्या बाजारात नेलं नाही," जिजी म्हणायच्या, "आणि आता थेट डोंगरावर नेऊ राह्यले. तिथे काय लुगडी मिळतात?"

"हवा मिळते," नाना म्हणायचे.

"ती इथेही फुकटच शे."

पण भाकरी थापताना त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि त्या खिडकीतून डोंगराकडे पाहायच्या. ते मी पाहिलेलं आहे.

एका दिवाळीत मी अंगणभर रांगोळी काढली. नाना शेडमधून आले, रांगोळीच्या कडेला थांबले, आणि बराच वेळ हलले नाहीत. मी दाराआड गेले. मला वाटलं, रस्ता अडवला म्हणून रागावले. ते जिजींना म्हणाले, "ही रेघ बघ. दोरी लावल्यासारखी. तिला सांग, माझी गाडी काढून दे. खऱ्याएवढी."

"गाडी? रांगोळीत? लोक हसतील."

"कागदावर मला काढता येत नाही आणि काढली तरी कळत नाही. मला आत बसून बघायचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सकाळची कामं आटपली, सडा वाळला की मी ठिपके टाकायची. नाना शेडच्या दाराशी उकिडवे बसायचे, मध्ये जिजी तुरी निवडत. नाना जिजींशी बोलायचे, जिजी माझ्याशी, मी जिजींशी.

"तिला सांग, मागचं चाक दोन ठिपके पुढे घे."

"ऐकलंस का गं?"

मी मान हलवायची.

"ऐकलं म्हणते."

"मग बोलत का नाही?"

"आता तुम्ही जेठ झालात त्यात तिचा काय दोष? तुमच्याशी बोलली तर गाव माझं नाक कापेल, तिचं नाही."

एकदा सगळी गाडी काढून झाली. चाकं, इंजिन, गिअर, मागे जिजींची जागा, तिच्या खाली हत्यारांची पेटी. नाना खूश. मी जिजींच्या कानाशी वाकून विचारलं, हाकणारा कुठे बसेल? जिजी तुरीचं सूप खाली ठेवून हसू लागल्या. "अहो, ती विचारते, तुम्ही काय बोनेटवर बसणार?" इंजिन मागे सरकवता सरकवता नानांची स्वतःची जागाच संपली होती. ते इतके हसले की शेडमधल्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. तेव्हापासून ते दर वेळी शेवटी म्हणायचे, "धाकटीला विचार, काही राहिलं का."

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मी हे लिहिते आणि अजून मला लाज वाटते, की त्या दिवसांत मी सकाळी उठल्यावर नवऱ्याची नाही, सासरच्या कुणाची नाही, त्या गाडीची वाट पाहत उठायची. स्वयंपाकघरात नानांनी जिजींचं लाटणं वरवंट्यावर आडवं ठेवून दाखवलं होतं. चासी लांब झाली की उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं आणि चाकं नुसती फिरत राहतात. म्हणून चासी आखूड हवी. मग त्यांनी लाटण्याऐवजी माचिस ठेवली, ती वरवंट्यावरून अलगद पार झाली. जिजी म्हणाल्या, "कळलं. आता माझं लाटणं द्या." मला ते लाटणं आणि माचिस झोपेतही दिसायचं. मी रोज एक-एक ठिपका कमी करत होते.

थंडी गेली. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे गेल्या, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकून राहिला. दादर ज्वारीची कणसं खुडून झाली. गाडी रोज पुसली जायची आणि रोज नवी निघायची. शेवटी एका दिवशी नाना पाट घेऊन माझ्या रेघांच्या आत बसले, पाय लांब केले, हात हवेत गोल फिरवला. डोळे मिटून बसले. तोंडाने त्यांनी इंजिनाचा आवाजही काढला असावा, कारण पाळण्यातला पुतण्या रडू लागला. "हीच," ते म्हणाले. "तिला सांग, आता पुसू नको. चुन्याने काढ."

मी चुन्याने काढली. हत्यारांच्या पेटीच्या जागी एक लहानसं कमळ काढलं, ते चुकून हात वळला म्हणून. मी पुसायला गेले तर नाना म्हणाले, "राहू दे. गाडीला तेवढी शोभा."

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकी माहेरी जातात. मी धुळ्याकडे गेले. निंबाच्या झाडाला झोके बांधलेले, कैऱ्यांचा वास, पुरणाच्या मांड्यांचा वास, दुपारभर गाणी. माझ्या मैत्रिणींना मी गाडीचं सांगितलं. मला इतकं बोलता येतं हे मला तिथेच कळलं.

"काय व," एक म्हणाली, "तुन्हा जेठ तुले गाडी काढाले लावस? मंग तू हाकशी बी का?"

"बठ्ठा गावमा हाईच एक सुतारीन शे!" दुसरी म्हणाली, म्हणजे साऱ्या गावात मीच एक सुतारीण, आणि त्यांनी माझा झोका इतका जोरात ढकलला की पायाखालून घराची कौलं गेली.

मी त्या झोक्यावर होते तेव्हाच इकडे ते घडलं. जळगावला युसूफचाचा म्हणून वेल्डिंगवाले होते, नानांचे जुने दोस्त. त्यांच्याकडे चांगलं लोखंड अचानक आलं होतं आणि त्याच दिवशी कापायचं होतं. नाना तिथेच उभे होते. चासीचे ठिपके त्यांना तोंडपाठ होते. चाचांनी विचारलं, "नाना, एक ठिपका याने कितना?" नाना म्हणाले, "वीत." आणि कारागिराची वीत म्हणजे नऊ इंच. त्यात विचारायचं काय? फूटपट्टी बघावी लागते का वितीला?

माझी वीत नऊ इंचांची नाही. माझे हात लहान आहेत.

मी माहेरून आले त्या दिवशी संध्याकाळी चासी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. काळीभोर, वेल्डिंगचा जळका वास अजून अंगावर. चार माणसांनी ती दाराबाहेर रस्त्याच्या कडेला उतरवली. ती पाहून मीसुद्धा आधी खूश झाले. मग वाटलं, किती मोठी आहे. नाना तिच्याकडे पाहत राहिले. माणसं गेल्यावर ते आत आले, खिशातून टेप काढला आणि माझ्या चुन्याच्या दोन ठिपक्यांमध्ये धरला. एकदाच. मग त्यांनी मान वर केली. मी चुलीपाशी होते, पिठात हात. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

रागाने पाहिलं असतं तर मी इतकी वर्षं ते सांभाळलं नसतं.

त्यांनी हौदावरून बादली भरून आणली, अंगणात ओतली आणि खराटा घेऊन स्वतः चुना घासू लागले. पुरुषाने अंगण घासलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. जिजी धावत आल्या. "अहो, हे काय करू राह्यले? तिने किती मेहनत केली."

"नवी काढू," नाना म्हणाले. "जळगावला माझाच आकडा चुकला. मी जास्त सांगितला."

कमळ शेवटी गेलं. ते त्यांनी घासलं नाही, पाणी त्यावरून जाऊन जाऊन गेलं.

युसूफचाचा दोन-तीन वेळा येऊन गेले. त्यांच्या डोक्यात ते बसेना. "काट के जोड देता हूँ ना नाना! दोन दिवसांचं काम. आपन किस लिए बैठे हैं?"

"जोड तो जोडच," नाना म्हणायचे. "चढावर तिथूनच तुटेल."

"मेरा जोड? मेरा जोड टूटेगा? अरे, मैं टूट जाऊंगा पहले."

"पुढच्या हंगामात बघू."

पुढचा हंगाम आला आणि गेला. गावाने त्या लांब चासीचं नाव अजगर ठेवलं. रस्त्याने जाणारे म्हणायचे, नाना, अजगर चढला का डोंगर? आधी हसत म्हणायचे, मग खरंच विचारल्यासारखं. इंजिन दुरुस्तीला आणणारे म्हणायचे, माप नीट घ्या बरं. नाना मान हलवून हसायचे. घरात सगळ्यात जास्त हे हसायचे. हे जामनेरच्या बाजारात मापाडी होते, शेतमाल तोलायचे. जेवताना म्हणायचे, "घरात मापाडी मी, आणि बाजारात नाव भावाचं!" मी वाढत असायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांच्या ताटात ठेवताना माझा हात मला दिसायचा आणि मी तो पटकन पदराखाली घ्यायची. एक वाक्य होतं. तीन-चार शब्दांचं. वीत माझी होती. ह्यांना सांगता आलं असतं, जिजींना तर नक्कीच. जिजींना सांगितलं तर त्या नानांना सांगणार आणि मग नानांनी जे झाकलं ते उघडं पडणार, असं मी स्वतःला समजवायची. खरं काय ते मला माहीत नाही. मला वाटतं मी भ्याले.

त्याहून जड एक गोष्ट सांगायची राहते. नानांनी मला पुन्हा काही काढायला सांगितलं नाही. नवी काढू म्हणाले होते, पण सांगितलं नाही. अंगणात सडा पडायचा, मी लहानशी रांगोळी काढायची, ते तिला वळसा घालून शेडमध्ये जायचे. माझं नाव वाचवलं आणि माझी सकाळ मात्र गेली. आणि असं मनात आलं की मी स्वतःलाच विचारायची, ज्यांचं हसं झालं ते गप्प आहेत, तुला कसलं दुःख?

आम्ही नंतर जळगावला राहायला गेलो. जिजी गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. मी दहाव्याला आले होते. बायका त्यांच्याबद्दल बोलत होत्या, आणि एक म्हणाली, बिचारीने कधी पठार पाहिलं नाही. मी उठून हौदावर गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

हे सगळं त्या खुर्चीवर बसून आठवत होतं, तेवढ्यात पुतण्याने हाक मारली, नाना उठले. मी आत गेले. खाट खिडकीशी होती. ते अगदी वाळले आहेत, पण कान अजून चांगले.

"धाकटी का?"

"हो."

ते थोडे दचकले. इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेलं ते पहिलं उत्तर असावं. मध्ये बोलायला आता कुणी नव्हतं. पुतण्या चहा सांगायला गेला. मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि विचार केला असता तर राहून गेलं असतं, म्हणून विचार न करता म्हणाले, "नाना, वीत माझी होती. तुमचा आकडा चुकला नव्हता."

ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मग त्यांचं पोट हलू लागलं. ते हसत होते.

"अगं, ते इंजिन," ते म्हणाले, "तू आखाजीला गेली होती ना, तेव्हा मी विटांवर मांडून चालवलं होतं. मोकळं छान धावायचं. ओझं दिलं की बसायचं. पुन्हा धावायचं, पुन्हा बसायचं. सपाटीला चाललं असतं. डोंगर त्याच्या बापाने चढला नसता."

"मग चासी कशाला केली?"

"वाटलं, निघेल काहीतरी. कान खोटं सांगत असेल. मग ती लांब आली." ते थांबले, दम घेतला. "मला बरं वाटलं. मापाची चूक कुणाचीही होते. पण इंजिनावाल्याला इंजिनातलं कळलं नाही, हे जिजीला कसं सांगू? ती तर बसायला तयार होती."

मला राग आला. त्या घरात, त्या माणसावर, मला पहिल्यांदा राग आला. "खोटं सांगता तुम्ही," मी म्हणाले. "तेव्हाही माझ्यासाठी खोटं सांगितलं, आताही सांगता."

"जेठाला खोटारडा म्हणते!" ते खोकत हसले. "हे ऐकायला ती पाहिजे होती."

खरं काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. चाचांना जोडू का दिलं नाही, ते आता समजल्यासारखं वाटत होतं आणि नव्हतंही. मी एक ओझं उतरवायला तिथे गेले होते, एवढं मात्र मला कळलं. ते मी एका आजारी माणसाच्या छातीवर ठेवलं. त्यांनी सांगितलं ते खरं असेल तर जिजींचं न झालेलं पठार त्यांनी आज स्वतःच्या नावावर घेतलं. खोटं असेल तर दुसऱ्यांदा घेतलं. मी तोंड उघडलंच नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

चहा आला. त्यांनी बशीतून दोन घोट घेतले. खिडकीतून डोंगराचा थोडा भाग दिसतो, मधल्या नव्या घरांच्या वरून.

"वर रस्ता झाला आहे आता," ते म्हणाले. "डांबरी नाही, पण रिक्षा जातात. पोरगा सारखा म्हणतो, नेतो. मी नाही म्हणतो."

"का?"

"कुणाला घेऊन जाऊ?"

जळगावच्या गाडीची वेळ होत आली होती. मी उठले, पिशवी घेतली आणि घरातून निघताना आपण म्हणतो तसं म्हणाले, "मी येते, नाना."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी निघाले आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कुणाला घेऊन जाऊ याचंच ते उत्तर समजले. त्यांचा चेहरा एकदम वेगळा झाला, आणि मी ते सुधारलं नाही.

"ये," ते म्हणाले. "पण पुढे बस. मागे फार धक्के बसतात."